सव्वा गुंठ्यातल्या सहा हजार माळा

खारेपाटातल्या एका गावी देवळासमोरच्या पारावर बसलेल्या जुन्या खेळाडूला मी विचारलं, "काका, आयुष्यात एकूण सामने किती खेळलात?" वय साठीच्या पुढचं. डावा कान चुरगळलेला, उजव्या हाताचं मधलं बोट सांध्यात वाकडं, उठता-बसता गुडघा वाजतो. पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही कबड्डीचे सामने असले की यांची चढाई बघायला माणसं पहाटेपर्यंत थांबायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाले, "अरं बाला, मोजाला कोन बसलता?"

मोजायला कोणी बसलं नव्हतं, हे खरंच. पण बसलं असतं तर काय निघालं असतं? या प्रश्नाने मला काही दिवस सोडलं नाही. शेवटी वही घेतली आणि हिशेब मांडला. जे आकडे निघाले ते बघून मी स्वतः थक्क झालो, म्हणून ते इथे देतो आहे. त्यासाठी आधी ऑस्ट्रेलियात जाऊन यावं लागेल.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अहमदाबादला कबड्डीचा विश्वचषक झाला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार होता कॅम्पबेल ब्राउन. हा मुळात कबड्डीचा माणूस नव्हता. तो ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा निवृत्त खेळाडू. २००८ साली हॉथॉर्न क्लबने तिथलं अजिंक्यपद जिंकलं त्या संघात तो होता. भारताने ऑस्ट्रेलियाला ५४–२० असं हरवलं. तरी त्यांच्याकडे कबड्डीसाठी फुटबॉलवाल्याचीच निवड का झाली, हे त्यांचा खेळ एकदा पाहिला की कळतं. धावत आलेल्या माणसाला खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर मिठी मारून जमिनीवर आणायचं, हे त्या खेळाचं रोजचं काम. म्हणजे आपली पकडच. पुढे २८ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नच्या जॉन केन अरीनामध्ये प्रो कबड्डीतले आपले खेळाडू आणि तिथले निवृत्त फुटबॉलपटू पुन्हा समोरासमोर उभे राहिले. दोन खेळांचं हे नातं अंगाचं आहे, अंगाला अंग भिडण्याचं आहे.

फरक आहे तो वहीचा.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले. मोठी लीग १८९७ ला सुरू झाली, तेव्हा क्लब होते ८. आज १८ आहेत. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, क्रिकेटचंच लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर १. आता त्यांची वही बघा. ब्रेंट हार्वे नावाचा खेळाडू १९९६ ते २०१६ अशी वीस वर्षं खेळला आणि निवृत्त झाला तेव्हा त्याचे सामने होते ४३२. टोनी लॉकेटने २८१ सामन्यांत १,३६० गोल केले. जिम स्टाइन्स हा आयर्लंडमधून आलेला तरुण सलग २४४ सामने खेळला, मध्ये एकही न चुकवता. १९४७ साली फ्रेड फॅनिंगने एकाच सामन्यात १८ गोल केले. त्या लीगमधला त्याचा तो शेवटचा सामना होता. त्यानंतर जास्त पैसे मिळतात म्हणून तो हॅमिल्टन नावाच्या गावच्या क्लबाकडे निघून गेला. पाऊणशे वर्षं उलटली, तरी ते १८ गोल वहीत जसेच्या तसे आहेत.

लॉकेट, हार्वे हे मोठे लोक झाले. मला हलवून गेली ती दुसरीच गोष्ट. १८९७ पासून आजवर त्या लीगमध्ये मैदानावर उतरलेल्या प्रत्येकाचं नाव त्यांच्याकडे आहे. एकच सामना खेळून परत कधी न दिसलेल्या माणसाचंसुद्धा. ही यादी १२,००० नावांच्या पुढे गेली आहे.

आता पेण-रोह्याकडे वळू. इथून पुढचे काही आकडे मी गृहीत धरलेले आहेत आणि जिथे धरले तिथे तसं सांगतो. वाचणाऱ्याने आपल्या गावच्या अनुभवावरून ते कमी-जास्त करावेत.

दोन्ही तालुक्यांतल्या गावांचे, वाड्यांचे, आळ्यांचे मिळून कबड्डीचे संघ किती? मी १०० धरतो. आमच्याकडे एका गावात दोन-दोन मंडळं असतात, भाऊबंदकीत तिसरं निघतं, तेव्हा १०० हा आकडा मला तरी हात राखून धरलेला वाटतो. एका संघात खेळाडू १२, म्हणजे ७ मैदानात आणि ५ राखीव. एका वेळी झाले १,२००. दर दहा वर्षांनी संघ पूर्ण बदलतो असं समजू. शंभर वर्षांत दहा पिढ्या. १,२०० गुणिले १० म्हणजे १२,०००.

म्हणजे ऑस्ट्रेलियासारख्या खंडाएवढ्या देशाच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये सव्वाशे वर्षांत जेवढी माणसं खेळली, जवळपास तेवढी माणसं आमच्या दोन तालुक्यांत शंभर वर्षांत मातीत उतरली असणार. तिकडची सगळी नावं कागदावर आहेत. इकडची किती सापडतील? चषकांवर कोरलेली काही, देवळाच्या भिंतीवर लावलेल्या फोटोखालची काही, बाकी सगळी म्हाताऱ्यांच्या डोक्यात. ती डोकीही एकेक करून कमी होत चालली आहेत.

मैदानाचा हिशेब आपल्या भाषेत करू. आमच्या भागात जमीन गुंठ्यात बोलली जाते. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. क्षेत्रफळ १३० चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याहून किंचित जास्त. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर फुटबॉलसाठी आखलेला लंबगोल साधारण १६० मीटर लांब आणि १४० मीटर रुंद धरला तर तो भरतो १७,६०० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे सव्वाचार एकरांच्या पुढे. त्यात आपली १३५ मैदानं बसतील. तिथे ३६ खेळाडू असतात. वाटणी केली तर माणशी जवळजवळ पाच गुंठे. आमच्याकडे पाच गुंठ्यांवरून दिवाणी दावा वीस वर्षं चालतो.

आपल्या मैदानाचा अर्धा भाग ६.५ बाय १० मीटर. त्यातही दोन्ही कडांची एकेक मीटरची राखीव पट्टी झटापट झाल्याशिवाय खुली होत नाही. उरतात ५२ चौरस मीटर. तिथे सात बचावपटू आणि आठवा चढाईला आलेला. सातांमध्ये वाटले तर माणशी साडेसात चौरस मीटरही येत नाहीत, म्हणजे ८० चौरस फूट, चाळीतल्या स्वयंपाकघराएवढी जागा. ऑस्ट्रेलियन खेळाडूला जेवढी मोकळी जमीन मिळते तिचा सुमारे पासष्टावा हिस्सा. आणि तेवढ्या जागेत एकटा माणूस शिरतो, हात लावतो, सुटून परत येतो.

धावण्याच्या मोजपट्टीवर मात्र आपण हरतो, आणि ते मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू एका सामन्यात १२ किलोमीटर किंवा जास्तही धावतो. हार्वेचे ४३२ सामने प्रत्येकी १२ किलोमीटरने धरले तर होतात ५,१८४ किलोमीटर. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते आमचं रोहा. तिथून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत अंतर सुमारे ७४० किलोमीटर. म्हणजे हार्वे कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सात वेळा पायी धावला.

आमच्या काकांचं काय? चौदाव्या वर्षी किशोर गटातून सुरुवात, बत्तिसाव्या वर्षी गुडघ्याने साथ सोडली. म्हणजे १८ हंगाम. हंगाम दिवाळीनंतर भात कापून शेतं मोकळी झाली की सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत चालतो. त्यांचा संघ हंगामात २० स्पर्धा खेळला आणि प्रत्येक स्पर्धेत सरासरी ३ सामने झाले असं धरू. वर्षाला ६०. अठरा वर्षांत १,०८०. हार्वेच्या अडीच पट. सामना लहान आहे हे कबूल. २०-२० मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. पण त्या ४० मिनिटांत काय भरलेलं असतं ते बघा.

एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. ४० मिनिटांत ८० चढाया, प्रत्येक संघाच्या वाट्याला ४०. संघाचा हुकमी चढाईपटू त्यातल्या १५ तरी करतो. १,०८० गुणिले १५ केलं की होतात १६,२०० चढाया. प्रत्येक चढाईत निदान रेषा ओलांडावीच लागते. ती मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७.५ मीटर. सगळं मिळून १२१.५ किलोमीटर. पेण ते रोहा साधारण ४० किलोमीटर. कासू, नागोठणे, निडी करत जाणं, येणं आणि पुन्हा जाणं, एवढंच. हार्वेच्या पाच हजारांपुढे हे काहीच नाही, असं वाटतं.

पण हा खेळ अंतरावर मोजायचाच नाही. तो दमावर मोजायचा आहे.

चढाई सुरू झाल्यापासून परत येईपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' हा उच्चार एका दमात, पंचाला ऐकू येईल असा चालू ठेवावा लागतो. दम तुटला की गडी बाद. आता ३० सेकंदांची परवानगी असली तरी आपण सरासरी २० सेकंदच धरू. १६,२०० चढाया गुणिले २० सेकंद म्हणजे ३,२४,००० सेकंद. म्हणजे बरोबर ९० तास. पावणेचार दिवस आणि पावणेचार रात्री हा माणूस श्वास न घेता जगला आहे.

सेकंदाला दोनदा 'कबड्डी' म्हटलं असं धरा. दमदार गडी याहून भरभर म्हणतो. तरी संख्या येते ६,४८,०००. हा आकडा वहीत लिहिला आणि माझा हात थांबला. आमच्या घरी आजी रोज माळ घेऊन बसायची. माळेचे मणी १०८. मी सहज भागाकार केला. ६,४८,००० भागिले १०८ म्हणजे बरोबर ६,०००. बाकी शून्य.

सहा हजार माळा. रोज एक माळ ओढणाऱ्या माणसाला एवढ्या माळा पुऱ्या करायला १६ वर्षं आणि वर पाच महिने लागतील. काकांनी जवळपास तेवढ्याच वर्षांत त्या पुऱ्या केल्या, फक्त एका हाताने माळ ओढण्याऐवजी सात जणांच्या घोळक्यात शिरून, अंगाला माती लावून, हॅलोजनच्या उजेडात. (आणि त्या फॅनिंगचे १८ गोल गुणिले ६ गुण केले तर येतात १०८. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार आवडला.)

आता वजनाचा हिशेब. कितीही चपळ चढाईपटू असला तरी सामन्यात चारदा तरी सापडतो. कोपरारक्षकाने घोटा धरला की साखळी करून उभे असलेले दोघे वर येतात. तिघांचं वजन प्रत्येकी ७० किलो धरलं तर २१० किलो अंगावर. १,०८० सामने, चार वेळा, म्हणजे ४,३२० पकडी. ४,३२० गुणिले २१० किलो म्हणजे ९,०७,२०० किलो. नऊशे सात टन. दहा टनी ट्रकने वाहायचं म्हटलं तर ९० ट्रक भरून एखादा ट्रक अर्धवट उरतो. ते ९० ट्रक वडखळ नाक्यापासून एकामागे एक उभे केले तर रांग पाऊण किलोमीटरच्या आसपास जाईल. हे सगळं एका माणसाच्या बरगड्यांनी, खांद्यांनी आणि गुडघ्यांनी झेललं. मोठ्या क्लबात अशा शरीराच्या मागे डॉक्टर असतो, मालिश करणारा असतो, बर्फाचे टब असतात. इथे गरम पाण्याची पिशवी आणि सकाळी कामावर हजर. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सकाळी लागते, ती अंतिम सामना पहाटे चारला संपला म्हणून थांबत नाही.

चाळीस मिनिटांच्या सामन्यावरून एका रात्रीच्या स्पर्धेकडे येऊ. बाद पद्धतीत ३२ संघ उतरले की सामने किती होतात, याला कागद लागत नाही. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो, शेवटी एक उरायचा, म्हणजे ३१. खेळाडू ३८४. सामन्यामागे ८० धरून चढाया २,४८०. विश्रांतीसकट ४५ मिनिटांचा सामना धरला तर ३१ सामन्यांना २३ तास १५ मिनिटं लागतात. म्हणून तर शेजारी शेजारी दोन मैदानं आखतात आणि रात्री आठला फुटलेला नारळ सकाळी आठला बक्षीस समारंभापर्यंत पोचतो. बायाबापड्या मांडवात मुलांना कुशीत घेऊन तेवढा वेळ जाग्या असतात.

दोन तालुक्यांत हंगामात अशा ३० स्पर्धा धरल्या तर ९३० सामने झाले. ऑस्ट्रेलियाच्या त्या लीगचा २०२४ चा पूर्ण हंगाम, अंतिम फेरीच्या लढती धरून, २१६ सामन्यांचा होता. आपण चौपटीच्या पुढे. चढाया ७४,४००. फरक पुन्हा तोच. त्या २१६ सामन्यांतली प्रत्येक किक, प्रत्येक झेल, प्रत्येक पकड कोणाची, कितव्या मिनिटाला, हे नोंदलेलं आहे. आपल्या ९३० सामन्यांतलं दुसऱ्या दिवशी उरतं ते विजेत्या आणि उपविजेत्या संघाचं नाव, पेपरात आलं तर.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. आपल्याकडे लिहिलं जात नाही, असं नाहीच. प्रत्येक सामन्याला गुणलेखक असतो. मी स्वतः काही हंगाम त्या टेबलावर बसलो आहे. समोर छापील गुणपत्रक असतं. दोन्ही संघांची बारा-बारा नावं, छातीवरचे क्रमांक, पहिल्या डावाचे गुण, दुसऱ्या डावाचे गुण, लोण किती, बोनस किती, बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांचे गुण, खाली पंचांच्या सह्या. गुण पडला की काट मारायची. दव पडून कागद ओला होतो, लाउडस्पीकरच्या आवाजात पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, तरी सगळं टिपलं जातं. सामना संपतो, कर्णधार सही करतो, कोणी हरकत घेतली नाही की त्या कागदाचं काम संपलं. सकाळी मांडव सोडवताना तो कुठे जातो ते मी कधी विचारलं नाही. वडे बांधून द्यायला गेला असेल, नाही तर पाचोळ्याबरोबर जळला असेल. मी भरलेल्या त्या सगळ्या गुणपत्रकांतलं एकही आज माझ्यापाशी नाही. काकांचे शेवटच्या हंगामातले सामने मी स्वतःच्या हाताने लिहिलेले होते.

मुलींचा हिशेब याहून वाईट आहे. बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटर, ९६ चौरस मीटर, गुंठ्यालाही पाच कमी. त्यावर आमच्या मुली काय खेळतात ते बघितलेल्याने विसरू नये. पण शाळेच्या संघातून सुरू झालेली मुलगी विशीत लग्न होऊन गेली की खेळ तिथेच संपतो. पुरुषाचे १८ हंगाम धरले, तर तिचे सहा धरतानाही मला धाकधूक वाटते. शिवाय लग्नात आडनाव बदलतं, कधी नावही. म्हणजे चुकून एखादं जुनं गुणपत्रक सापडलंच, तरी त्यावरची ती मुलगी आज कोणत्या गावात कोणाची आई आहे, हे शोधायला दहा उंबरे झिजवावे लागतात. १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या शकुंतला खटावकर आणि २०१५ चा मिळवणारी अभिलाषा म्हात्रे ही नावं महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांच्यासमोर साखळी धरून उभ्या राहिलेल्या शेकडो जणींची नावं कुणालाच नाहीत.

मोजायला सुरुवात केली की काय होतं, हे गेल्या दहा-अकरा वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिलं. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर बोली गेली २ कोटी ६० लाख ५० हजारांची. नऊ वर्षांत वीस पट. प्रदीप नरवालच्या नावावर चढाईचे १,८०० च्या वर गुण जमा आहेत, हे आज शाळकरी पोर सांगतं. आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाने २०१७ मध्ये एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याची बोली १ कोटी ११ लाखांवर गेली. त्याआधी मुंबईत असे गडी झाले नव्हते का? महिंद्रा, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, मध्य रेल्वे यांच्या संघांतून खेळलेले लोक आठवून बघा. नोकरी मिळाली, घर चाललं, पण कितवा गुण, कितवी चढाई, हे कोणी विचारलं नाही. २००७ चा विश्वचषक तर आपल्याच जिल्ह्यात पनवेलला झाला, भारताने इराणला २९–१९ असं हरवलं. पेणहून तासाभराच्या अंतरावर जगज्जेतेपद घडलं. त्या अंतिम सामन्यात कोणी किती चढाया केल्या हे आज पेणच्या एखाद्या मुलाला हवं असेल तर त्याने कुठे बघायचं?

कोणी म्हणेल, गावच्या खेळाला एवढं कशाला? खेळले, मजा केली, झालं. मला हे पटत नाही. पेणमध्ये यंदा किती गणपती घडले, किती रंगले, किती परदेशी गेले, हे कारखानदार तोंडपाठ सांगतो. खारेपाटातल्या शेतकऱ्याला बांध कुठे फुटला आणि किती एकरांत खारं पाणी शिरलं, हे सालानिशी ठाऊक असतं. मोजणं आपल्याला परकं नाही. माणसाच्या अंगातून गेलेले ९० तासांचे दम तेवढे मोजायचे राहिले.

आणि रोह्याला तर हे सांगायची गरजच पडू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या मातीतले. १९४५ ते १९६४ अशी एकोणीस वर्षं ते इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. स्वतंत्र भारत आपली माणसं, आपली पिकं, आपली गरिबी आकड्यांत मांडायला शिकला, त्या कामात रोह्याच्या माणसाचा हात आहे. त्यांच्या गावातल्या खेळाडूंची मोजदाद नसावी, हे मला सहन होत नाही.

त्यासाठी पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. पूर्वी छायाचित्र काढायला स्टुडिओत जावं लागे. आज मांडवात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दिवाळीनंतर पुन्हा मैदानं आखली जातील. ज्या मंडळाची स्पर्धा असेल त्यांनी एका पोराला एवढंच काम द्यावं, की सामना संपल्यावर प्रत्येक गुणपत्रकाचा स्वच्छ फोटो काढायचा, त्यावर गावाचं नाव, तारीख आणि साल दिसेल असं बघायचं. ३१ सामने, ३१ फोटो, सगळी मिळून अर्ध्या तासाची मेहनत. मूळ कागद मंडळाच्या कपाटात फाइल करून ठेवावेत. शाळांतल्या क्रीडाशिक्षकांनी मुलींच्या सामन्यांचे फोटो काढताना नावासोबत आईचं नावही टिपून ठेवावं, म्हणजे पुढे आडनाव बदललं तरी माग लागेल.

आणि पारावर बसलेले जे काका, मामा, आबा आहेत, त्यांच्याकडे या पावसाळ्यातच वही घेऊन जा. सामने किती हा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नाही. पहिला सामना कुठल्या गावी, तेव्हा कप्तान कोण, समोर कोपऱ्यात कोण उभा होता, हे विचारा. मी तसं विचारून पाहिलं. काकांनी डोळे मिटले आणि एका दमात त्या सामन्यातले दोन्हीकडचे चौदाच्या चौदा गडी जागेसह सांगितले.